मुंबईत पंचतारांकित हॉटेल कसं निवडावं?

मुंबईत दोन दिवस ऐषारामात राहायचं ठरलं की बहुतेक जण आधी खोल्यांचे फोटो बघतात. आधी नकाशा बघा, आणि त्यातही किलोमीटर नको, मिनिटं बघा.

तुमची कामं कागदावर लिहा. एनसीपीएच्या नाट्यगृहात नाटक, जहांगीर कलादालन, गेटवे असा बेत असेल तर कुलाबा किंवा नरिमन पॉइंट. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत असेल तर बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल. पहाटेचं विमान असेल तर विमानतळाजवळच्या सहारचीच हॉटेलं. दक्षिण मुंबई आणि उपनगरं अशा दोन्हीकडे जायचं असेल तर वरळी किंवा लोअर परळ. सकाळी गर्दी दक्षिणेकडे वाहते, संध्याकाळी उपनगरांकडे. म्हणून मॅपवर रविवारी दुपारचा वेळ बघून खूश होऊ नका. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला, आपल्याला जायचंय त्याच दिशेनं बघा. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत धावते, त्यामुळे विमानतळ ते चर्चगेट हे अंतर बरंच सुसह्य झालंय. मात्र भल्या पहाटेच्या विमानाला तिचा उपयोग नाही, आणि तीन बॅगा घेऊन तर नकोच.

भाग ठरला की खोली. एकाच हॉटेलात दोन वेगळी जगं असू शकतात. ताजमहाल पॅलेसची जुनी इमारत १९०३ ची, शेजारचा टॉवर सत्तरच्या दशकातला. बुकिंग करताना आपली खोली कुठल्या भागात आहे ते वाचा. ‘सी व्ह्यू’ आणि ‘पार्शल सी व्ह्यू’ यांतला फरकही विचारून घ्या. दुसऱ्यात कधीकधी मान वाकडी करून समुद्र बघावा लागतो. मला विचाराल तर समुद्राकडच्या खोलीचे जादा पैसे जुलैत द्यावेत. मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर उसळणाऱ्या लाटा वरून बघायला मिळतात आणि दरही हिवाळ्यापेक्षा सहसा उतरलेले असतात.

आता बिल. एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के. म्हणजे १५,००० ची खोली १७,७०० ला पडते. नाश्ता त्यात धरलाय का, तिसऱ्या माणसाचे किती, बुकिंग रद्द केलं तर काय, हे पैसे भरण्याआधी बघा. दोन साइटवरच्या दरांची तुलना करायची तर कर धरूनच करा.

मग थेट हॉटेलात फोन लावा. “त्या तारखेला तुमच्याकडे लग्न आहे का?” हा प्रश्न नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विचारायलाच हवा. असेल तर हॉल आणि लॉनपासून लांबची, वरच्या मजल्यावरची खोली मागा. बाहेरचंही बघा. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीच्या आसपासचे रस्ते बंद असतात, जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी सकाळी सीएसएमटीकडचे. त्या दिवशी टॅक्सी पोर्चपर्यंत येईलच असं नाही.

चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोन किंवा तीनला असतं. सकाळच्या डेक्कन क्वीननं येणार असाल तर लवकर खोली मिळेल का ते याच फोनवर विचारा. नाहीतर बॅगा क्लोकरूमला ठेवून तडक बाहेर पडा. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र मात्र बॅगेत न ठेवता हाताशी ठेवा, काउंटरवर पहिल्यांदा तेच मागतात.