भुताखेतांतला सुपरहिरो जोखताना या चुका टाळा

‘कॉन्स्टंटाइन’ (2005) हा सिनेमा कुठेही दाखवा, वाद केसांवरूनच सुरू होतो. ‘हेलब्लेझर’ कॉमिक्समधला सैतानांशी झुंजणारा जॉन कॉन्स्टंटाइन सोनेरी केसांचा, लिव्हरपूलचा. पडद्यावरचा कियानू रीव्ज काळ्या केसांचा आणि राहायला लॉस एंजेलिसमध्ये. बरं मग?

एका फिल्म क्लबात सिनेमा संपल्या संपल्या एक तरुण मोबाइल घेऊन उभा राहिला. मूळ पात्राचा चेहरा गायक स्टिंगवरून घेतलेला, कोट काळा नाही तर मळकट पिवळसर हवा, वगैरे वगैरे. सगळं खरं होतं. पुढचा सगळा वेळ त्या यादीवरच भांडण झालं. शेवटी मी विचारलं, “तो मनगटं का कापून घेतो?” कुणी बोलेना. मग कळलं, साहेबांनी कॉमिक्सचा एक अंक उघडलेला नाही, दहा मिनिटांचा सारांश-व्हिडिओ पाहून आलेत. असले लोक मला घाईत लग्न उरकून जेवायच्या पंगतीला बसणाऱ्यांसारखे वाटतात.

मनगटांचं गणित असं. पोरवयात आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून, सिनेमातल्या कॅथलिक नियमानं, त्याचा नरक पक्का. सैतानांना हाकलून तो स्वर्गात जागा मिळवू पाहतो; देवदूत गॅब्रिएल (टिल्डा स्विंटन) त्याला स्वच्छ सांगते की यात सगळा तुझाच स्वार्थ आहे. शेवटी तो मनगटं कापून पुन्हा मरायला निघतो, कारण त्याचा आत्मा न्यायला नरकाचा राजा ल्युसिफर जातीनं येणार हे त्याला ठाऊक आहे. स्वतःसाठी काही न मागता तो दुसऱ्याच आत्म्याची सुटका मागतो, आणि त्या त्यागामुळे स्वर्गाचं दार उघडतं. ल्युसिफरचा जळफळाट! पठ्ठ्यानं जगून पुन्हा पाप करावं म्हणून तो स्वतःच्या हातानं त्याच्या फुप्फुसातला कॅन्सर उपसून काढतो.

लेखक गार्थ एनिसच्या 1991 च्या ‘हेलब्लेझर’ कथेत डाव वेगळा आहे. तिथे नरकाच्या तिन्ही धन्यांचा त्याच्या एकाच आत्म्यावर दावा उभा राहील अशी सोय तो करून ठेवतो. त्यावरून आपसात युद्ध नको म्हणून तिघांना त्याला बरं करावं लागतं. घटना बदलली, पण नरकालाच गंडवणारा लबाड माणूस तोच राहिला. रूपांतर पास झालं ते इथे.

माझी सवय साधी आहे. वहीत डावीकडे जादूचा नियम लिहायचा, उजवीकडे त्याची किंमत कोण मोजतं ते. ‘कॉन्स्टंटाइन’मध्ये मला खटकते ती क्रुसाच्या आकाराची बंदूक. जिभेवर जगणाऱ्या माणसाच्या हाती ती दिली की नियम वाकवायची गरजच उरत नाही, घोडा दाबला की काम झालं. तक्रार करायचीच तर ही करा. केसांना रंग लावता येतो.

‘घोस्ट रायडर’ (2007) याच वहीनं तपासा. वडिलांचा कॅन्सर बरा व्हावा म्हणून पोरगा सैतानाच्या करारावर रक्त सांडतो. वडील बरे होतात आणि लगेच स्टंटमध्ये मरतात. फार चांगली सुरुवात. पुढे मात्र त्याच पोराच्या जळत्या कवटीचं कौतुक एवढं वाढतं की उजवा रकाना कोराच राहतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. 1997 च्या ‘स्पॉन’मधल्या संगणकी नरकाला हसू नका, आजच्या मोजपट्टीनं तेव्हाचं काहीच टिकणार नाही, पटकथेला हसायला भरपूर वाव आहे. मुखवटा दिसला की नायक अलौकिक असं समजू नका, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (म्हणजे फँटम) हाडामांसाचाच होता. टीव्हीवर कापून दाखवलेल्या प्रतीवरून मत देऊ नका. आणि नावं सुरू झाली की चप्पल शोधू नका. ‘कॉन्स्टंटाइन’मधल्या नायकाच्या साथीदाराचं, चॅसचं, पुढे काय झालं ते सगळी नावं सरकून गेल्यावरच कळतं.