मट्टनचेरीचा राजवाडा आणि सिनेगॉग एकाच फेरीत कसे पाहावे

कोचीतील मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि तिथून चार पावलांवर असलेले १५६८ सालचे ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ शनिवारी, त्यामुळे सुट्टी जोडून आलेल्या पर्यटकांची एक फेरी हमखास वाया जाते.

१. रविवार ते गुरुवार यांपैकी दिवस निवडावा.
२. एर्नाकुलमहून रस्त्याच्या वाहतुकीत अडकण्यापेक्षा बोटीने यावे.
३. आधी राजवाड्यातील रामायणाची भित्तिचित्रे निवांत पाहावीत. सिनेगॉगमध्ये मात्र नजर जमिनीकडे ठेवावी, कारण तिथल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत आणि त्या बारकाईने पाहण्यातच खरा आनंद आहे.

ज्यू सणांच्या दिवशीही सिनेगॉग बंद असते, म्हणून तारीख आधी पडताळून घ्यावी.