पावसात डिस्क हातातून सटकते? आधी प्लास्टिक बघा

डिस्क गोल्फची, म्हणजे फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकायची, डिस्क घेताना रंग आणि तिच्यावरचे उडण्याचे आकडे नंतर बघा, आधी ती हातात धरा. साचा तोच असला तरी प्लास्टिक बदललं की पकड बदलते. इनोव्हा कंपनीचं डीएक्स प्लास्टिक स्वस्त, कोरड्या हातात छान बसतं. पण पुण्यातल्या टेकडीच्या काळ्या दगडावर आपटून आपटून कड खरवडते आणि डिस्कची वाट बदलते. उजव्या हाताच्या बॅकहँडला, म्हणजे हात छातीसमोरून आणून केलेल्या फेकीला, ती जास्त उजवीकडे झुकू लागते. त्यांचंच चॅम्पियन प्लास्टिक चिवट, खूप टिकतं, पण गुळगुळीत. जुलैच्या भुरभुरीत ते बोटांतून निसटतंच. स्टारची पकड त्याहून बरी, जी-स्टार आणखी लवचिक. डिसेंबरच्या गारठ्यात प्लास्टिक कडक होतं, तेव्हा हा मऊपणा फार कामाला येतो.

दुकानात एवढं कराच: बोटं कडेच्या आत रुतवा, अंगठ्यानं वरून दाबा. मग बोट जरासं ओलं करून पुन्हा धरा. तिथे घसरली, तर पावसात नक्की घसरणार.

पटरसाठी, म्हणजे टोपलीजवळून टाकायच्या डिस्कसाठी, मात्र मी डीएक्ससारखं साधंच प्लास्टिक घेते. तिथे वेग कमी, झीज कमी, आणि पकडच सगळं ठरवते. पिशवीत कोरडा पंचा हवाच, शक्यतो दोन.