जास्वंद मलूल झालीय? आधी नखाने साल खरवडून बघा

घरातल्या जास्वंदीची पानं पिवळी पडून गळायला लागली की आपण घाबरून आणखी पाणी घालतो. तिथेच घात होतो. आधी फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर हिरवं दिसेपर्यंत कापत खाली या.

मग माती. आपली सोलापूरची काळी माती कुंडीत फार फसवते. ओली असताना चिकट, मुळांना हवाच मिळत नाही. वाळली की आक्रसते, कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट ताटलीत उतरतं. माझी जास्वंद दोन उन्हाळे अशीच कुढत होती. कुंडी उपडी केली तेव्हा मधला गोळा विटेसारखा कोरडा निघाला, फार वाईट वाटलं. आता मी निम्मी काळी माती आणि निम्म्यात कुजलेलं शेणखत व जाड वाळू घेते.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर ती पिठ्या ढेकूण नावाची झाडावरची कीड. १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवा, कूलरच्या झोतात नको. एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार गेलेल्या दुपारच्या उन्हात एकदम बाहेर काढू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. खत मात्र नवी पालवी फुटल्यावरच.