तक्रार करताना या चुका टाळा, नाहीतर घोटाळ्याआधी तुम्हीच उघडे पडाल

एका पतसंस्थेत मी लेखनिक होतो. बनावट कर्जखाती दिसली आणि पहिल्यांदा बोललो ते चहाच्या टपरीवर. संध्याकाळी चेअरमनपर्यंत बातमी पोचली, सकाळी माझं टेबल बदललं. आई म्हणाली, "तू कसाले पडस त्यामा?"

दुसरी चूक तर मी करणारच होतो: मूळ व्हाउचर पिशवीत घालून घरी न्यायचे. मग चोरीचा गुन्हा आपल्यावरच! त्यापेक्षा खातं क्रमांक, तारीख आणि व्हाउचर क्रमांक वहीत टिपा. तुम्ही सभासद असाल तर सहकार कायद्याच्या कलम 32 खाली लेखापरीक्षित ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं पाहता येतात, नकलाही मिळतात. दुसऱ्याचं कर्जखातं मात्र त्यात दिसत नाही. म्हणून सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे त्याच कायद्याच्या कलम 83 ची चौकशी मागायची. अर्जात नेमकी खाती द्या, 'सगळे चोर आहेत' असं लिहू नका. आपली रखडलेली बढतीही त्यात घुसडू नका (मी घुसडली होती).

पतसंस्थेला माहिती अधिकार सहसा थेट लागू होत नाही, पण उपनिबंधक कार्यालयाला होतो. लेखापरीक्षण अहवाल तिथे मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, 150 शब्द. त्यात गोष्ट सांगत बसू नका.

भुसावळच्या रेल्वेत किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत असाल तर निनावी पत्र टाकू नका, केंद्रीय दक्षता आयोग ते विचारात घेत नाही. महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराची तक्रार करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांचा 2003 मध्ये खून झाला. नाव गुप्त ठेवा असं सांगूनही त्यांचं नाव फुटलं होतं. त्यानंतर 2004 मध्ये सोय झाली: आयोगाला पाठवायच्या बंद पाकिटावर 'पीआयडीपीआय' (या सोयीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) लिहायचं, नाव फक्त आतल्या पत्रात. जिल्हा परिषद किंवा पतसंस्थेतल्यांना ही सोय नाही. तक्रारदारांच्या संरक्षणाचा 2014 चा कायदा तर कागदावरच राहिला, त्याच्या भरवशावर कुणी उडी मारू नये.

लाच मागितली तर देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा नंबर लावा.

आणि वर्षभरात निकाल लागेल अशी आशा धरू नका. जळगाव घरकुल घोटाळ्यात तत्कालीन महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी 2006 मध्ये तक्रार दिली, धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला 2019 मध्ये. एवढ्या काळात कागद हरवतात, घरं बदलतात. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. माझ्या पोचेची एक नक्कल अमळनेरला बहिणीकडे आहे, पत्र्याच्या पेटीत, तिच्या लग्नाच्या साडीखाली.