जरी-तरी इंग्लिशमध्ये नेऊ नका

एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला, बसणाऱ्या पोरापोरींनो, विशेषतः मराठी मीडियमवाल्यांनो, हे एकदा नीट बघून घ्या. आपण बोलताना म्हणतो, "जरी पाऊस होता तरी आम्ही खानापूरला गेलो", आपल्याला जोडी लागतेच, आणि तीच सवय पेपरात उतरते, मग 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट टू खानापूर' असं लिहून येतो आणि हातातला मार्क जातो. इंग्लिशला तिथं एकच शब्द पुरतो, 'ऑल्दो' ठेवा नाहीतर 'बट' ठेवा. 'बिकॉज' आणि 'सो'चं पण तेच.

याहून फसवा 'अन्टिल'. "बस येत नाही तोपर्यंत थांब" यातला 'नाही' इंग्लिशमध्ये घ्यायचाच नाही, 'वेट अन्टिल द बस कम्स' एवढंच. 'अनलेस'च्या पोटात तर 'नाही' आधीच आहे, पुढं परत 'नॉट' कशाला.

माझी पुतणी आता लिहून झालं की जोडशब्दांना पेन्सिलनं गोल करते, एका वाक्यात दोन गोल दिसले की थांबून बघते. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर' या मात्र खऱ्याच जोड्या, त्या खोडू नका.