जी-रन समेवर कशी आणली

ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या शैलीची रिदम गिटारवर सरळ चालायची, पण मध्ये लिक, म्हणजे छोटी सुरावट, घेतली की लय ढळायची. या संगीतात सहसा ड्रम नसतात. ठेका गिटार, बास आणि मँडोलिन मिळून धरतात. त्यामुळे लय जराशी ढळली तरी लगेच कानाला खटकतं.

ब्लूग्रास गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅटच्या नावाने ओळखली जाणारी जी-रन, म्हणजे जी सुरावर संपणारी लिक, घेऊन बसलो. उपाय उजव्या हातात सापडला. मनगट थांबवायचंच नाही: मात्रेवर खाली, अर्ध्या मात्रेवर वर, तार वाजो वा न वाजो.

पहिल्या मात्रेला सहाव्या तारेचा तिसरा पडदा, दुसरीला पाचवी तार मोकळी. तिसरीला पाचवीचाच पहिला पडदा आणि तिथून दुसऱ्यावर हॅमर-ऑन, म्हणजे तार न छेडता डाव्या हाताचं बोट पडद्यावर आपटून काढलेला सूर. चौथीला चौथी तार मोकळी, लगेच तिचा दुसरा पडदा. मग तिसरी तार मोकळी, बरोबर पुढच्या समेवर. हॅमर-ऑनच्या वेळी पिक (तार छेडायची पट्टी) हवेतूनच वर जातं. सगळी गोम तिथेच होती!

मेट्रोनोमचा ठोका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवला, अगदी संथ. आता लिक संपताच स्ट्रम, म्हणजे तारांवरून एकत्र फिरणारा हात, आपोआप येतो. मात्र ती गाण्याची ओळ संपल्यावरच घ्या, गायकाच्या शब्दांवर नको.